बिऱ्हाड पाठीवर, शाळा आईपाशी

उन्हाळा लागला की गडचिरोली-चंद्रपूरकडची कित्येक बिऱ्हाडे मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरे सोबत जातात, पाटी-दप्तर मात्र घरीच राहते. अशा घरांनी पंडिता रमाबाईंचे बालपण जरूर ऐकावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत. ना घर, ना शाळा. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते; लक्ष्मीबाई पहाटे लेकीला उठवून तेच तोंडी शिकवीत. १८७४ मध्ये दुष्काळाने आईवडील गेले, विद्या मात्र उरली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या मुलीला ‘पंडिता’ म्हणून गौरविले. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात निराधार बायामुलींना त्यांनी शिक्षण व कामधंदा दिला.

तेव्हा गाठोडे बांधताना त्यात पाटी आणि वाचनाचे पुस्तक घालावे. रात्री चुलीपाशी दिवसाच्या मजुरीचा हिशेब लेकराकडूनच करून घ्यावा. आईला वाचता येत नसेल तर थोरल्याने धाकट्याला शिकवावे. गावी परतताच मूल शाळेत बसवावे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा तो हक्कच आहे.