अण्णांची क्रेन

गणपतीच्या देखाव्यासाठी घरी बनवलेली रिमोटची क्रेन पुरात भिजली आणि माळ्यावर गेली. सुट्टीत ती पुन्हा चालू करायला घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ती पडली त्या दिवशी!

पंचवटीतल्या आमच्या घरी माळ्यावर एक खोकं होतं. दर दिवाळीच्या साफसफाईत ते खाली यायचं. 'भंगारात द्यायचं का?' असं कुणीतरी विचारायचं, कुणीच उत्तर द्यायचं नाही आणि खोकं परत वर जायचं. आत होती अण्णांची क्रेन.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. सातपूर एमआयडीसीत फिटर होते, आता रिटायर झालेत. २००६ साली गल्लीच्या मंडळाने 'पुलाचं बांधकाम' असा हलता देखावा ठरवला आणि अण्णांनी फर्स्ट शिफ्टहून आल्यावर रोज संध्याकाळी बसून ही क्रेन बनवली. बूम टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या ॲल्युमिनियम पाइपची. पुल्या पडद्याच्या रेलमधल्या. दोराऐवजी तंगूस. मागे तोल सांभाळायला किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी माप. रिमोट एका खेळण्यातल्या गाडीचा.

मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, त्यामुळे हे सगळं ऐकलेलं. देखावा बघायला आलेल्या एका पोराने गर्दीत स्वतःची रिमोटची गाडी सुरू केली आणि आमची क्रेन आपोआप फिरायला लागली, हा किस्सा अजूनही रंगवून सांगतात. दोन्ही रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चालणारे, मग दुसरं काय होणार!

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं, यावर आमच्याकडे पुराचा अंदाज घेतात. त्या वेळी पाणी थेट आमच्या तळमजल्यात शिरलं आणि कॉटखाली ठेवलेली क्रेन बुडाली. अण्णांनी ती पुसली, वाळवली, पण पुन्हा चालू केली नाही.

या सुट्टीत मी आणि मेकॅनिकल डिप्लोमा करणाऱ्या माझ्या चुलत भावाने खोकं उघडलं. 'कशाला नसता उद्योग? बाजारात तयार मिळते,' अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

आत सेल फुटून सर्किट हिरवं पडलं होतं, लोखंडी ॲक्सल गंजून जाम झाले होते. ॲल्युमिनियमची बूम मात्र ठणठणीत! आम्ही जुनं सर्किट काढून २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट बसवला. यात रिसीव्हर फक्त आपल्या जोडीच्या रिमोटचं ऐकतो, त्यामुळे शेजारच्या गाडीची भीती नाही. पूर्वी क्रेन नुसती फिरायची आणि हूक वर-खाली व्हायचा. आता ती पुढे-मागेही जाणार होती आणि बूमही वर-खाली होणार होती. गिअरच्या दमदार मोटरी लावल्या, पेन्सिल सेलच्या जागी लिथियम सेल आले. आम्ही फुल्ल जोशात.

पहिल्या चाचणीला एक लिटरची भरलेली बाटली अडकवली. मोटरने ती आरामात उचलली आणि पुढच्या क्षणाला सगळी क्रेन तोंडावर आपटली. बूम मधोमध वाकली. पुरातून वाचलेली वस्तू आम्ही एका दुपारी मोडली होती. मला तर रडूच आलं.

अण्णा उठले. ओरडले नाहीत. 'मोटर नवी लावली, पण बूड तेच आहे ना?' एवढंच म्हणाले आणि पट्टी आणायला सांगितली.

हिशोब बारावीच्या फिजिक्समधलाच निघाला. मापासकट क्रेनचं वजन ३ किलो आणि तिचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या १२ सेंटिमीटर मागे. ३००० गुणिले १२ म्हणजे ३६,०००. बूमचं टोक चाकांच्या पुढे ६० सेंटिमीटर. ३६,००० भागिले ६०, म्हणजे ६०० ग्रॅमला क्रेन उलटणार. आम्ही लावलं होतं एक किलो! बूम उभी करून हूक ३० सेंटिमीटरवर आणला, तर हीच मर्यादा १२०० ग्रॅम होते. खऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये लोड चार्ट असतो तो याचसाठी. त्यात वजन उलटण्याच्या मर्यादेच्या बरंच खाली ठेवतात. आम्हीही तीन चतुर्थांशच धरलं, म्हणजे पूर्ण लांबीवर ४५० ग्रॅम.

वाकलेल्या पाइपऐवजी कार्बन फायबरची नळी लावू, असं भाऊ म्हणाला. ती हलकीही असते आणि मजबूतही. अण्णा पाइपवरून हात फिरवत गप्प बसले. तेव्हा आम्ही तोच पाइप ठेवायचं ठरवलं. वाकून सरळ केलेलं ॲल्युमिनियम त्या जागी कमजोर होतं, म्हणून अण्णांनी आतून बारीक सळई घालायला लावली. त्यांचे हात आता थरथरतात. ड्रिल आम्ही धरलं, भोक कुठे पाडायचं ते त्यांनी दाखवलं.

मग त्यांनीच विचारलं, 'बॅटरी मधेच संपली, तर वजन कुठे राहील?' आम्ही याचा विचारच केला नव्हता. हूकसाठी वर्म गिअरची मोटर आणली. यात मोटर चाकाला फिरवते, पण चाक उलटं मोटरला सहसा फिरवू शकत नाही, त्यामुळे वजन जागेवर राहतं. सिग्नल तुटला की सगळ्या मोटरी थांबतील, असं सेटिंगही केलं.

मागच्या रविवारी ओट्यावर क्रेन उभी राहिली. रिमोट अण्णांच्या हातात दिला. अंगठा थरथरला की हूकही थरथरायचा. भावाने रिमोटमधलं 'एक्स्पो' सेटिंग वाढवलं. त्याने स्टिक थोडी हलली तर क्रेन अगदी सावकाश हलते. पाव लिटर पाण्याची बाटली हळूहळू वर गेली, फिरली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला अलगद टेकली.

अण्णांनी पुठ्ठ्याचा तुकडा मागितला. त्यावर पेनाने तीन ओळींचा लोड चार्ट लिहिला आणि केबिनला चिकटवला. यंदा खोकं माळ्यावर जाणार नाही.

तुम्हालाही करायचंय?

• उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठे होती, ते नंतर आठवत नाही.
• जुने सेल आधी काढा. काढलेला एकही भाग लगेच फेकू नका.
• लिथियम सेलला प्रोटेक्शन सर्किट हवंच. चार्जिंगला लावून झोपू नका.
• मोटर घेण्याआधी तोल मोजा.
• बनवणारं माणूस घरात असेल, तर पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आम्ही उशीर केला.