गोडाला ताटात जागा द्या

श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न बदलतात. मी डोंबिवलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आषाढापर्यंत विचारणा असते ती रात्री भात चालेल का, पोळ्या किती घेऊ, याची. नारळी पौर्णिमा जवळ आली की वेगळंच सुरू होतं. नारळीभात खाऊ का? गणपतीत मोदक चालतील? दसऱ्याला श्रीखंड आणलं तर? विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेलेला असतो. मला ते मनापासून खटकतं. जिने आयुष्यभर घरादाराला मोदक वळून घातले, तिने स्वतःच्या पानातल्या मोदकासाठी माझ्यासारखीची परवानगी का मागावी?

माझं उत्तर ठरलेलं आहे: खा, पण जेवणात खा, जेवणावर खाऊ नका.

आपल्या जुन्या पंगतीत हे आपोआप व्हायचं. पहिला वरण-भात, त्यावर तूप आणि लिंबू. मग पक्वान्न, त्याच्या जोडीला कोशिंबीर, भाजी, चटणी. शेवटी ताक-भात किंवा दही-भात. जिलबीबरोबर मठ्ठा, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी. गोड हा जेवणाचाच भाग होता. पोटभर जेवून झाल्यावर वेगळ्या वाटीत गुलाबजाम आणि त्यावर आइस्क्रीम, ही पद्धत आपल्याकडे हॉटेलांनी आणि लग्नातल्या बुफेने रुजवली. पोट भरलेलं असतानाही गोड का जातं, याचं उत्तर शास्त्रात आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की एका चवीचा पदार्थ खात गेलं की त्या चवीचा कंटाळा येतो, पण वेगळ्या चवीसाठी भूक शिल्लकच राहते. भाजी-भात नको झालेला माणूस गुलाबजामला नाही म्हणत नाही, ते यामुळे. मग त्या गुलाबजामच्या कॅलरी पूर्ण जेवणाच्या वर चढतात. तेच गोड ताटात वाढलेलं असेल, तर त्याच्यासाठी काय कमी करायचं हे समोरच दिसतं.

पुरणपोळीचं उदाहरण घेऊ. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण ३० ग्रॅम हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ, २५ ग्रॅम कणीक आणि भाजताना सोडलेलं चमचाभर तूप असतं. हे सगळं मिळून ३५० कॅलरीच्या आसपास जातं. आकडा मोठा वाटतो. पण त्या पोळीत डाळ आहे, कणीक आहे, तूपही आहे, म्हणजे नेहमीच्या जेवणातले पोळी आणि वरण तिच्यात आलेच. एक पुरणपोळी, वाटीभर कटाची आमटी, कोशिंबीर आणि एखादी पालेभाजी हे पूर्ण जेवण झालं. अडचण होते ती आधी दोन साध्या पोळ्या, मध्ये भात आणि मग ‘सणाचं म्हणून’ दोन पुरणपोळ्या, असं जेवल्यावर.

एका गणेशोत्सवाच्या आधी आलेल्या काकू मला नेहमी आठवतात. गुडघे दुखत होते, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. साखर मात्र उत्तम होती. बसल्या बसल्याच म्हणाल्या, “मॅडम, यंदा मी मोदकाला हात लावणार नाही.”

“मग नैवेद्याच्या पानावर काय खाणार, काकू?”

“दोन पोळ्या, बटाट्याची भाजी. आणि सुनेने शुगर-फ्री बर्फी आणलीय, तिचे दोन तुकडे.”

मी कागद पुढे ओढला आणि त्यांच्या मोदकांचं प्रमाण विचारलं. ते त्यांच्या जिभेवर होतं. एका नारळाचा चव, म्हणजे अंदाजे १८० ग्रॅम. गूळ दीडशे ग्रॅम. तांदळाची पिठी दीडशे ग्रॅम. त्यात अकरा मोदक. खोबऱ्याच्या साडेसहाशे-सातशे कॅलरी, गुळाच्या पावणेसहाशे, पिठीच्या सव्वापाचशे. अकराने भागल्यावर एका मोदकाला १६० च्या जवळपास आल्या. मोदकाचं टोक फोडून त्यात सोडलेल्या चहाच्या चमचाभर तुपाच्या आणखी ४५. तूप सोडलेले दोन मोदक म्हणजे ४१० कॅलरी. आता दुसरी बाजू मांडली. दोन पोळ्यांच्या सव्वादोनशे ते अडीचशे. खव्याच्या बर्फीचा तुकडा तीस ग्रॅमचा धरला तर तो शंभर-सव्वाशेचा, तिथे साखर नसली तरी खवा आहेच. दोन तुकडे आणि दोन पोळ्या मिळून साडेचारशेच्या घरात गेले.

काकूंनी ती बेरीज पुन्हा स्वतः केली. मग ठरलं ते असं: गणेश चतुर्थीला पोळी आणि भात नाही, दोन मोदक, तूप चमच्याने मोजून, सोबत वरण वाटीत घेऊन प्यायचं, कोशिंबीर आणि भाजी भरपूर. बर्फी घरातल्या मुलांना.

‘शुगर-फ्री’ या शिक्क्यावर लोकांचा जो विश्वास आहे, त्याची मला काळजी वाटते. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात आणि शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर. मिठाईतली साखर काढून तिथे काजू वाढवले तर कॅलरी वाढतात. खजूर आणि सुक्या मेव्याच्या लाडवाचंही तेच. खजुराची गोडी साखरेचीच आहे आणि बदाम-काजूंत भरपूर तेल आहे. लाडू पौष्टिक आहे, तंतूही मिळतात, पण तो लाडू म्हणूनच मोजायचा. मिठाईत माल्टिटॉलसारखे गोडवा देणारे पदार्थ घातले असतील तर त्यांनाही साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्तच कॅलरी असतात, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरू नये. मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, हेही त्यातच नोंदवलेलं आहे.

गुळाबद्दलही बोललं पाहिजे. माझं माहेर कोल्हापूरकडचं. हंगामात गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असायचा, मळी काढून टाकली की रंग उजळत जायचा आणि गूळ वाफ्यात ओतायच्या आधीचा तो दरवळ अर्ध्या शिवारात पसरायचा. त्या गुळाची चव मला साखरेत कधीच मिळत नाही आणि मोदकात, गूळपोळीत, पुरणात मी गुळाशिवाय काही घालत नाही. पण चवीसाठी. शंभर ग्रॅम गुळाच्या कॅलरी ३८० च्या जवळपास, साखरेपेक्षा किंचित कमी. लोह आहे, पण दहा-पंधरा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह दिवसाच्या गरजेच्या पासंगालाही पुरत नाही. सकाळच्या चहात साखरेऐवजी दुप्पट गूळ घालून कोणी निर्धास्त असेल, तर त्या घरात गूळ वजन वाढवतोय.

आणि चहाचाच हिशोब सगळ्यात आधी करावा. चहाच्या चमचाभर साखरेत ५ ग्रॅम धरा. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप. ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. हा एक मोदक झाला, रोजचा, वर्षभर, आणि तो मोदक खाल्ल्याचं समाधान मात्र एकदाही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बाहेरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर मिळून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. २,००० कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चार कप चहातच ४० ग्रॅम गेले तर सणाच्या गोडाला जागा कुठून उरणार? कपाला अर्धा-अर्धा चमचा दर पंधरवड्याने कमी करत गेलं की जीभ सरावते. चहातली साखर वाचवून ती पक्वान्नात खावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

आता श्रीखंड. घरी करताना साधारण चक्क्याइतकीच साखर घालायची रीत आहे. दाट दुधाच्या दह्याचा चक्का असेल तर शंभर ग्रॅम श्रीखंडात ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी, आणि ५० ग्रॅम चक्का, म्हणजे ९० च्या आसपास. एकूण २९०. पुष्कळ जणी मला अभिमानाने सांगतात, “मी साखर निम्मी केली.” छानच केलं. पण साखर निम्मी केल्याने कॅलरी निम्म्या होत नाहीत. दोन भाग चक्क्याला एक भाग साखर घातली तर शंभर ग्रॅममध्ये ३३ ग्रॅम साखर येते आणि तिची जागा चक्का घेतो. बेरीज २५० वर येऊन थांबते. साखर खूपच कमी झाली, प्रथिनं वाढली, हा लाभ खरा. कॅलरी मात्र ४० च वाचल्या. खरा फरक वाटीच्या आकाराने पडतो. आमटीच्या वाटीत गच्च भरलेलं श्रीखंड दीडशे ग्रॅम भरतं, चटणीच्या वाटीत साठ. घरी वजनकाटा असेल तर आपल्या वाट्या एकदा मोजून ठेवाव्यात.

कमी साखरेचं श्रीखंड फिकं लागू नये म्हणून काय करायचं, हे सांगते. चक्का पंच्यात बांधून पाणी पूर्ण निथळू द्या. पाणी राहिलं की आंबटपणा पुढे येतो. दही फार आंबट नको. साखर चक्क्यात मिसळून तासभर विरघळू द्या आणि मगच पुरणयंत्रातून काढा. केशर गरम दुधात खलून घाला. वेलची, जायफळ ताजं कुटून, किसून. आणि वाढायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमधून बाहेर काढा. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते; वितळलेलं आइस्क्रीम घशाला चिकटण्याइतकं गोड लागतं, ते त्यामुळेच. गारढोण श्रीखंडाला जेवढी साखर लागते, तेवढी जरा निवळलेल्याला लागत नाही.

त्यासोबतच्या पुऱ्यांकडे कोणी पाहत नाही. लहानशी पुरी तळल्यावर ८०-९० कॅलरींची होते. सहा पुऱ्या पाचशेच्या. उन्हाळ्यात आमरसाचंही असंच होतं. हापूसचा दीडशे ग्रॅम रस, वरून साखर न घालता, शंभरेक कॅलरींचा. पिकलेल्या हापूसला साखर लागतच नाही. चिमूटभर सुंठ आणि मीठ पुरतं. तरीही लोक आंब्याला दोष देतात आणि पुऱ्या मोजत नाहीत. रस दोन फुलक्यांबरोबर खाऊन पाहा. पुरीच हवी असेल तर दोन घ्या, गरम, टम्म फुगलेल्या.

हे सगळं मी ज्यांना मधुमेह नाही त्यांच्यासाठी सांगतेय. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६ टक्क्यांच्या वर आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील तर सणाच्या ताटाचं गणित आपल्या डॉक्टरांबरोबर आधी करावं. त्यांनी होकार दिला असेल, तर भाजी, कोशिंबीर, आमटी आधी आणि पोळी-भात-गोड नंतर, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मोजून पाहिलेलं आहे.

उरला दिवाळीचा फराळ. तिथे ताटाचा नियम मोडतो, कारण फराळ डब्यात असतो आणि उभ्या उभ्या खाल्ला जातो. चाळीस ग्रॅमच्या बेसन लाडवाच्या २०० कॅलरी, आणि चहाबरोबर एक, शेजारून आलेला एक, पाहुण्यांना सोबत म्हणून एक, असे तीन संध्याकाळपर्यंत सहज जातात. म्हणून मी फराळही बशीत वाढून, बसून खायला सांगते: एक लाडू किंवा एक करंजी, एक चकली, मूठभर चिवडा. एवढ्यानेच चारशे कॅलरींची न्याहारी होते. आमच्याकडे लाडू पंचवीस ग्रॅमचे वळतो, दोन घासांचे. बेसन मात्र तुपावर मंद आचेवर, हात दुखेपर्यंत भाजते. कच्चट राहिलेल्या बेसनाला कितीही साखर घाला, चव येत नाही. आणि नरकचतुर्दशीला सकाळी फराळ झालेला असतो, त्यामुळे दुपारी पक्वान्न करत नाही. वरण-भात, लिंबू, काकडीची कोशिंबीर. लक्ष्मीपूजनाला अनारसे आहेतच.