पुढच्या गाडीपासून किती लांब? एसीसी आणि दहाव्या गाडीचा प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने एक सिम्युलेशन करून गाइडना दाखवलं. त्यात दोन गाड्या होत्या. पुढचीने ब्रेक मारला की मागची वेग कमी करते, अंतर राखते, धडक कुठेच नाही. मॅडमनी ग्राफ पाहिला आणि एवढंच विचारलं, "दहाव्या गाडीचं काय होतं?" माझ्याकडे दहावी गाडीच नव्हती! आजची पोस्ट तिच्याबद्दल.

आधी मूळ गोष्ट. साधा क्रूझ कंट्रोल फक्त ठरवलेला वेग धरून ठेवतो. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे एसीसी, पुढच्या गाडीकडेही बघतो. त्यासाठी बहुतेक गाड्यांत ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा रडार असतो. लहर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, आणि डॉप्लर परिणामामुळे पुढची गाडी जवळ येतेय की लांब जातेय, तेही कळतं.

मग अंतर किती ठेवायचं? इथे पहिली गंमत आहे. एसीसी अंतर मीटरमध्ये नाही, सेकंदांत मोजतो. याला टाइम गॅप म्हणतात. समजा तो १.५ सेकंद आहे. ताशी ५० किमी वेगाला ते अंतर साधारण २१ मीटर होतं, ताशी १०० ला साधारण ४२ मीटर. स्टिअरिंगवरच्या बटणाने आपण 'जवळ' किंवा 'लांब' निवडतो तेव्हा हाच आकडा बदलतो. आयएसओ १५६२२ या मानकानुसार तो ०.८ सेकंदांच्या खाली नेता येत नाही.

आता कंट्रोलर. त्याचं सगळ्यात साधं रूप असं:

प्रवेग = क × (प्रत्यक्ष अंतर − त × आपला वेग) + ख × (पुढचीचा वेग − आपला वेग)

त म्हणजे टाइम गॅप. अंतरातली चूक किती जोरात सुधारायची ते क ठरवतो. वेगातल्या फरकाला किती प्रतिसाद द्यायचा ते ख ठरवतो. दोन गाड्यांपुरतं हे झकास चालतं. क आणि ख धन असले की मागची गाडी उशिरा का होईना, योग्य अंतरावर स्थिरावते.

पण रांगेचं काय? पहिल्या गाडीने वेग ताशी ५ किमीने कमी केला, दुसरीने ६ ने, तिसरीने ७ ने, असं होत गेलं तर मागे कुठेतरी एखादी गाडी चक्क थांबेल. धक्का मागे जाताना वाढायला नको, या गुणाला स्ट्रिंग स्टॅबिलिटी म्हणतात. आपण 'रांगेचं स्थैर्य' म्हणू. वरच्या समीकरणासाठी त्याची अट अशी निघते:

क × त² + २ × ख × त ≥ २

आकडे घालून बघा. क = ०.१, ख = ०.६, त = १.५ घेतले तर डावी बाजू २.०२५ येते. पास, पण काठावर. कंट्रोलर तोच ठेवून त = १ केला की १.३ येते. नापास! आणि त = ० म्हणजे वेग कितीही असो, अंतर मीटरमध्ये कायम. मग डावी बाजू शून्य. क आणि ख काहीही निवडा, अट कधीच पुरी होत नाही. अंतर सेकंदांत का मोजायचं, याचं एक मोठं कारण हे आहे. शिवाय खऱ्या गाडीत सेन्सर आणि ब्रेकचा विलंब असतो, त्यामुळे अट आणखी कडक होते.

हे फक्त कागदावरचं नाही. २००८ साली जपानमधल्या सुगियामा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या, चालक माणसंच, ताशी साधारण ३० किमीने चालवायच्या. ना सिग्नल, ना अडथळा. तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती लाट मागे सरकत राहिली. मग यंत्र तरी बरं का? अमेरिकेत संशोधकांनी बाजारातल्या सात मॉडेल्सचे एसीसी रस्त्यावर तपासले. सातही रांगेच्या दृष्टीने अस्थिर निघाले.

म्हणजे कंपन्या चुकल्या का? इतकं सोपं नाही. त वाढवला तर रांग शांत होते, पण मध्ये दुसरी गाडी घुसते आणि रस्त्यावर कमी गाड्या मावतात. ख वाढवला तर सेन्सरमधल्या बारीकसारीक गोंगाटालाही गाडी हिसके देते, आणि ते आत बसलेल्याला नको असतं. ग्राहक त्या एका गाडीत बसलेला असतो. दहाव्या गाडीतला माणूस वेगळाच.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना म्हणूनच सांगते, दहा ओळींचा कोड लिहा, दहा गाड्या रांगेत लावा आणि फक्त त बदलून बघा. आपलं मॉडेल 'चालतं' असं म्हणण्याआधी ते कोणासाठी चालतं, हे स्वतःला विचारा. मला तो प्रश्न मॅडमनी विचारला. तुम्ही तो मीटिंगच्या आधीच विचारून ठेवा.