विश्लेषण : पूलचे जुने उस्ताद सरस, की आजचे खेळाडू?

गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जेद्दात फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोने फेडर गोर्स्टला १५-१३ असे हरवून नाइन-बॉल पूलचे जागतिक विजेतेपद दुसऱ्यांदा मिळवले. असा अटीतटीचा सामना झाला की पूलच्या चाहत्यांत एक जुना वाद हमखास उकरला जातो : हे सगळे ठीक, पण एफ्रेन रेयेस ऐन भरात असता तर? आपल्याकडे पूल म्हणजे कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये तासाच्या दराने खेळायचा खेळ. अमेरिका, फिलिपिन्स, तैवान आणि युरोपात मात्र त्यावर पोट भरणाऱ्या खेळाडूंच्या पिढ्या झाल्या आहेत.

५२६ चा विक्रम किती मोठा?

स्ट्रेट पूलमध्ये कुठलाही चेंडू कुठल्याही पॉकेटमध्ये घालता येतो, फक्त आधी सांगून घालावा लागतो. १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात विली मॉस्कोनी याने न चुकता सलग ५२६ चेंडू घातले. हा आकडा साडेसहा दशके टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले आणि २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४.

मग शॉ मॉस्कोनीपेक्षा मोठा? इतके सोपे नाही. मॉस्कोनीचे टेबल नऊ नव्हे, आठ फुटांचे होते. म्हणजे त्याला सवलत होती. पण तो प्रेक्षकांसमोर, एका ठरलेल्या संध्याकाळी खेळत होता. श्मिट आणि शॉ खास विक्रमासाठी कॅमेरा लावून दिवसचे दिवस पुन:पुन्हा प्रयत्न करत होते. एका अर्थी या दोन वेगळ्याच परीक्षा आहेत.

टेबल आणि काठी बदलल्याने काय झाले?

वादात बहुतेक वेळा हाच भाग सुटतो. पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच असतो. पूर्वीच्या साधारण पाच इंची पॉकेटमध्ये दोन चेंडू शेजारी शेजारी मावत. आज व्यावसायिक दौऱ्यात पॉकेट चार इंचांचे असते; दोन चेंडू एकदम शिरूच शकत नाहीत. जुन्या टेबलावर आत गेला असता असा फटका आज पॉकेटच्या ओठावर खडखडून बाहेर येतो.

दुसऱ्या बाजूने आजच्या खेळाडूला मदतही भरपूर. पूर्वीचे कापड जाडसर, लव असलेले आणि संथ. त्यावर पांढरा चेंडू लांब न्यायचा तर मनगटात ताकद हवी. आजचे कापड गुळगुळीत आणि वेगवान आहे. क्यूचे पुढचे टोक आता कार्बन फायबरचेही मिळते. फिरकी देताना पांढरा चेंडू सरळ रेषेतून जो थोडा भरकटतो, तो अशा नव्या क्यूंनी कमी होतो. मधला चेंडू ओलांडायला वेगळी आखूड जंप क्यू असते. जुन्यांना यातले बरेचसे हाताच्या सवयीने भरून काढावे लागे.

रेयेसची जादू नेमकी कशात?

लहानपणी मनिलात काकांच्या बिलियर्ड हॉलमध्ये टेबलापर्यंत हात पोहोचावा म्हणून शीतपेयाच्या खोक्यांवर उभा राहून तो खेळायला शिकला. त्याची खरी करामत पॉकेटिंगमध्ये नव्हती, अडचणीतून सुटण्यात होती. समोर थेट रस्ता नसताना गादीवर दोन-तीनदा आपटवून पांढरा चेंडू नेमका हव्या त्या चेंडूवर नेणे, हे त्याच्याइतक्या सहजतेने कुणी करत नसे. १९९६ मध्ये हाँगकाँगमध्ये अर्ल स्ट्रिकलँडशी त्याची १२० रॅक आधी जिंकण्याची लढत झाली. बक्षीस एक लाख डॉलर, मुक्काम तीन दिवस. रेयेस एका टप्प्यावर १७ रॅकनी मागे होता, जिंकला १२०-११७.

आज असा सामना क्वचितच होतो. दौऱ्यातले सामने छोटे, वर फटक्याला घड्याळ. म्हणून आजचे खेळाडू ब्रेकवर अफाट मेहनत घेतात. शेन व्हॅन बोनिंग हा त्याचा ठळक नमुना. त्याची पाचही यूएस ओपन विजेतेपदे आणि २०२२ चे जागतिक विजेतेपद पाहताना त्याच्या ब्रेककडे आधी लक्ष जाते. रेयेसचा ब्रेक मात्र कधीच धाक वाटावा असा नव्हता.

आकडे निकाल देतात का?

फार्गो रेटिंग नावाची पद्धत जगभरच्या सामन्यांची सांगड घालून खेळाडूला एकच आकडा देते. दोघांत १०० गुणांचा फरक असेल, तर वरचा खेळाडू दर एका रॅकमागे दोन जिंकेल असे गणित. पण १९५४ चा मॉस्कोनी किंवा १९८५ मध्ये खोटे नाव लावून ह्यूस्टनमध्ये उतरलेला रेयेस त्या हिशेबात बसत नाही.

माझ्या मते पहिल्या शंभरांचा सरासरी दर्जा आज नि:संशय वर आहे. मॉस्कोनी कपचाच दाखला घ्या. सुरुवातीला अमेरिकेचे वर्चस्व होते. २०१० ते २०१७ मात्र सलग आठ वेळा युरोप जिंकला. प्रशिक्षण आणि शिस्त यांचा त्यात मोठा वाटा. एकट्या सर्वश्रेष्ठाचे विचाराल, तर घट्ट पॉकेट आणि नवी क्यू घेऊन सरावाला सहा महिने मिळालेल्या पंचविशीतल्या रेयेसवर पैसे लावायला मी तयार आहे.

पैशांचे काय?

जुन्यांचे बरेचसे उत्पन्न पैजांवर चाले. २००६ मध्ये रेयेसने आयपीटी दौऱ्यात पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले खरे, पण आयोजकांना ठरलेली बक्षिसे वेळेवर देता आली नाहीत आणि दौराच कोसळला. २०२४ मध्ये जेद्दात गोर्स्ट जिंकला, तेव्हा विजेत्याचा वाटा होता अडीच लाख डॉलर. रेयेसच्या त्या बक्षिसाच्या निम्मा.