कचेरींतील पंक्तिप्रपंच

एकाच पंगतींत बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या पानांत तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानांत नुसता वरणभात, असा प्रकार घडला तर घरांतील वडील मंडळी त्यास पंक्तिप्रपंच म्हणतात आणि वाढणाराला तेथल्या तेथें टोकतात. परंतु हाच प्रकार सरकारी कचेरींत घडला, कोणाची बढती केवळ जातीमुळें, स्त्रीपणामुळें किंवा शरीराच्या व्यंगामुळें अडली, तर तीच वडील मंडळी म्हणतात, "जाऊं द्या, नोकरी सांभाळा." या उपदेशाची किंमत काय पडते, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबईहून बडोद्यास जाणारा लोहमार्ग डहाणूवरून जातो. १९१७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत सव्वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत त्यांचें शिक्षण झालें होतें व नोकरीचा करारही आधींच झालेला होता. अकाउंटंट जनरलच्या कचेरींत त्यांची नेमणूक झाली. पण शहरांत राहावयास जागा मिळेना. अखेर नांव बदलून ते एका पारशी विश्रामगृहांत उतरले. कचेरींतील शिपाई विटाळ होऊं नये म्हणून त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला संतप्त जमाव विश्रामगृहावर आला आणि त्यांना तेथून निघावें लागलें. दोघां मित्रांकडूनही आसरा मिळाला नाहीं. तेव्हां सार्वजनिक बागेंत बसून त्यांनीं गाडीची वेळ होईपर्यंत वाट पाहिली आणि रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली.

ही हकीकत पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली. तींतील एक बारीक गोष्ट मात्र वाचणाराच्या नजरेंतून सहज निसटते. राहण्यास सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनीं रीतसर अर्ज केलेला होता. तो नामंजूर झाला नव्हता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत होता! नकाराचा हुकूमच नाहीं, मग अपील कशावर करावयाचें? अर्ज निकालांत काढण्यास मुदत नाहीं आणि संस्थानाबाहेर दाद मागण्यास जागा नाहीं. महाराज सयाजीराव अस्पृश्यतेचे विरोधक होते, त्यांनींच ही शिष्यवृत्ती दिली होती. तरीही व्हावयाचें तें झालेंच. धनी दयाळू असला तरी तेवढ्यानें भागत नाहीं. अर्जास ठराविक मुदतींत उत्तर मिळालें पाहिजे, आणि तें पटलें नाहीं तर कचेरीबाहेरच्या तिऱ्हाइतानें तें तपासलें पाहिजे. या दोन गोष्टींवांचून तक्रारीचा हक्क म्हणजे केवळ कागद होय.

१९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमानें सरकारी नोकरींत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास एवढ्याच कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९८५ च्या कायद्यान्वयें प्रशासकीय न्यायाधिकरणें निघालीं. महाराष्ट्राचें न्यायाधिकरण १९९१ सालीं सुरू झालें. राज्य सरकारच्या नोकराला आपल्या खात्याबाहेर दाद मागण्याचें हें स्थान. १९९७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार त्याच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाकडे जातां येतें.

मात्र या दाराला घड्याळ लावलेलें आहे. सामान्यतः खात्यांतील उपाय आधीं पुरे करावे लागतात. अंतिम हुकूम मिळाल्यापासून एक वर्षांत न्यायाधिकरणाकडे अर्ज गेला पाहिजे. अपिलावर किंवा निवेदनावर सहा महिने कांहींच उत्तर आलें नाहीं, तर त्यापुढील एका वर्षांत जातां येतें. म्हणजे बडोद्याच्या त्या फिरत्या अर्जावर आतां उतारा आहे. वरिष्ठांचें मौन हेंच दाद मागण्याचें कारण ठरतें. परंतु पुष्कळजण येथेंच फसतात. ते निवेदनामागून निवेदन पाठवितात आणि प्रत्येक निवेदनाबरोबर मुदत नव्यानें सुरू झाली असें समजतात. कायद्यानें न सांगितलेल्या अशा वारंवार निवेदनांनीं मुदत वाढत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच सांगून ठेविलें आहे.

डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथील प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका हे बहुतेक जिल्हा परिषदेचे नोकर. त्यांचें स्थान वरील न्यायाधिकरण नव्हे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानें दिलेल्या शिक्षेवर त्यांचें अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे कोंकण भवनांत, आणि पुढें उच्च न्यायालयांत जातें. तलाठी व तहसील कचेरींतील कारकून मात्र राज्य सरकारचे नोकर. दार चुकलें कीं वर्ष फुकट गेलें! आदिवासी नोकराला राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडेही जातां येतें. पण आयोग चौकशी करून शिफारस करतो, न्यायालयासारखी मनाई देऊं शकत नाहीं. तेथील उत्तराची वाट पाहत मूळ मुदत घालवूं नये.

खेड्यांतील आरोग्य उपकेंद्रांत दोनतीनच माणसें असतात. तेथें एखाद्या भगिनीला लैंगिक छळाची तक्रार करावयाची झाल्यास, दहांहून कमी माणसांच्या अशा जागेसाठीं २०१३ च्या कायद्यानें जिल्ह्याची स्थानिक समिती नेमण्यास सांगितलें आहे. तक्रार तीन महिन्यांत करावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळूं शकतात. समितीच्या शिफारशीवर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे.

आतां घरच्या माणसांनीं काय करावें? अर्जाची नक्कल ठेवावी, आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी, आणि प्रत्येक प्रसंग त्याच दिवशीं वहींत टिपून ठेवावा. अर्ज कोणाच्या मेजावर अडला आहे, हें माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें विचारतां येतें; उत्तर साधारणतः तीस दिवसांत मिळावयास हवें. अपिलांत संताप कमी आणि तारखा अधिक असाव्या. आपणांसारख्याच स्थितींतील दुसऱ्याला काय मिळालें, हें शेजारीं मांडून दाखवावें. कारण पंक्तिप्रपंच शेजारच्या पानावरूनच सिद्ध होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितली पाहिजे. अर्ज करणारांप्रमाणेंच अर्ज वाचणारेही आपल्याच घरांतून कचेरींत जातात. पेन्शनींत निघालेल्या कित्येक वडीलधाऱ्यांनीं असे अर्ज हाताळले असतील. ज्या दिवशीं अशा खुर्चीवरील माणूस अर्ज पुढच्या मेजावर न सरकवितां त्यावर कारणांसह आपला निर्णय लिहील, त्या दिवशीं अर्धा प्रपंच मिटेल. उरलेल्या अर्ध्यासाठीं घरच्या वडिलांनीं "जाऊं द्या" न म्हणतां एवढेंच विचारावें, "हुकूम कोणत्या तारखेचा आहे?"