कुत्र्याला भात पचतो, मग दूध का नाही?

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव धावले, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोरडी पोळी त्याने तशीच खाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. पचनाच्या अंगाने या गोष्टीकडे पाहिलं की नवल वाटतं. दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, तुपात जवळजवळ उरतच नाही, आणि कुत्र्याच्या आतड्याला दुधातलं जे सोसत नाही ते मुख्यतः तेच असतं.

आज मुंबईच्या उपनगरांत ही माया दूध-बिस्किटांच्या रूपात दिसते. अंधेरी असो की मुलुंड, सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर एखादा आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलेला असतो आणि त्यात पिशवीचं दूध, वर कुस्करलेली ग्लुकोज बिस्किटं. दोन्ही गोष्टी या भागाच्या अगदी जवळच्या. बिस्किटांचा विलेपार्ल्याचा कारखाना 1929 साली सुरू झाला आणि 2016 मध्ये बंद होईपर्यंत त्याचा खमंग वास थेट स्टेशनापर्यंत यायचा. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 मध्ये गोरेगावात आरे दूध वसाहत उभी राहिली. रोज न चुकता डबा भरणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्या डब्यात काय पडतं, याबद्दल आग्रहाने लिहावंसं वाटतं.

लॅक्टोजचा रेणू मोठा असतो. तो तसाच रक्तात जात नाही. लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर त्याचे दोन तुकडे करतं, तेव्हा कुठे तो शोषला जातो. आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लाकडे हे विकर भरपूर असतं. दूध सुटलं की ते ओसरत जातं. मग न फुटलेलं लॅक्टोज पुढे मोठ्या आतड्यात उतरतं, आपल्याबरोबर पाणी ओढून घेतं, आणि तिथले जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. पोट गुडगुडणं, वारा सरणं, पातळ शी हे सगळं त्यातूनच येतं. प्रत्येक कुत्र्याची सहनशक्ती वेगळी असते. एखादा वाटीभर दूध पिऊन टुणटुणीत राहतो, तर दुसऱ्याला चार चमच्यांनी जुलाब होतात. गल्लीतल्या कुत्र्याची शी कोण पाहणार? त्यामुळे ‘आमच्या मोतीला दूध पचतं’ असं आपण समजून चालतो.

हाच प्राणी आपला भात आणि पोळी मात्र उत्तम पचवतो, यामागची कथा फार सुंदर आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवण्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आढळल्या, कुत्र्यांत मात्र 4 ते 30. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर कुत्रा जगू लागला, आणि धान्य पचवणाऱ्यांचा वंश वाढला. शेतीपासून दूर राहिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या डिंगोकडे आजही दोनच प्रती आहेत. म्हणजे कुत्रा हजारो वर्षं आपल्या ताटाजवळ बसून धान्य पचवायला शिकला. दुधाच्या बाबतीत मात्र वयात आलेला कुत्रा बहुधा पूर्वजांसारखाच राहिला. आपल्यातही कित्येकांना दुधाने पोटात गुरगुरतं, हे घरोघरी ठाऊक आहे.

‘मग पातळ दूध देऊ का?’ असा प्रश्न हमखास येतो. पिशव्यांचे प्रकार स्निग्धांशावरून ठरतात: फुल क्रीममध्ये 6 टक्के, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये दीड. लॅक्टोज सगळ्यांत पाचेक टक्केच असतं, त्यामुळे पिशवी बदलून त्याचा प्रश्न सुटत नाही. पाणी घातलं तरी डब्यात पडलेलं लॅक्टोज तेवढंच राहतं.

दह्याचं तसं नाही. विरजणाचे जिवाणू साधारण पाव ते एक तृतीयांश लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात आणि उरलेलं फोडायलाही थोडा हात लावतात. पनीर करताना बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातं. चक्का टांगल्यावरही काही प्रमाणात तसंच. म्हणून बिनसाखरेचं, बिनमिठाचं दही चमचा-दोन चमचे भातात कालवून, किंवा घरच्या पनीरचे दोन तुकडे, हे बहुतेक धडधाकट कुत्र्यांना चालतं.

आता पुन्हा तुपाकडे. लॅक्टोज नसलं तरी ते जवळपास शंभर टक्के स्निग्ध आहे. दहा किलोच्या पाळीव कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात, आणि वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे साठ कॅलरी. पोह्याच्या एका चमच्यात पंचेचाळीस जातात. साय, लोणी, चीज यांचा हिशोबही याच अंगाने करावा. एकदम खूप स्निग्ध पोटात गेलं तर काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. सतत उलट्या होतात, पोट दुखतं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून तो अवघडून राहतो. हे दिसलं की घरगुती उपाय करत बसू नये. सणासुदीला ‘त्यालाही गोडधोड’ म्हणून बासुंदी, श्रीखंडाची वाटी पुढे करताना हे आठवावं.

कित्येकदा दुधापेक्षा त्यात मिसळलेलं जास्त घातक ठरतं. खिरीतले मनुके घ्या. द्राक्षं आणि मनुके यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ले म्हणजे धोका, याचा भरवशाचा आकडा नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी 2021 मध्ये मांडलं. हेच आम्ल चिंचेतही असतं. घाटकोपरच्या खाऊगल्लीत पावभाजीच्या ताटल्या चाटणाऱ्या कुत्र्याला लोण्याहून कांदा-लसणाची भीती जास्त, कारण त्यातली गंधकयुक्त संयुगं तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट आइस्क्रीम नकोच. ‘शुगर-फ्री’ आइस्क्रीममध्ये झायलिटॉल असेल तर तो तातडीचा प्रसंग समजावा: कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सुटतो, रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही कोसळू शकते आणि पुढे यकृतावर बेतू शकतं.

काही कुत्र्यांना लॅक्टोज नव्हे, दुधातली प्रथिनंच सोसत नाहीत. 2016 मध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा गोमांसाखालोखाल, म्हणजे सुमारे 17 टक्के कुत्र्यांत, दुग्धजन्य पदार्थ कारण ठरले होते. अशा कुत्र्याला दह्यानेही खाज सुटते, कान सुजतात, तो पंजे चाटत राहतो.

सर्वांत जास्त चूक होते ती अनाथ पिल्लांच्या बाबतीत. पावसाळा सरला की पार्क केलेल्या गाड्यांखाली पिल्लं सापडू लागतात आणि कोणीतरी धावत गाईचं दूध घेऊन येतं, त्यातही ‘जड होईल’ म्हणून पाणी घातलेलं. कुत्रीच्या दुधात साधारण 9 टक्के स्निग्धांश, 7 ते 8 टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्के लॅक्टोज असतं. गाईच्या दुधात पहिली दोन निम्म्याहून कमी आणि लॅक्टोज जास्त. तेवढीच ऊर्जा मिळवायला पिल्लाला दुपटीहून अधिक दूध प्यावं लागतं आणि पोटात सुमारे तिप्पट लॅक्टोज जातं. पाणी घातलं की ऊर्जा आणखी घटते, आणि जुलाबाने आठवडाभराचं पिल्लू एका दिवसात सुकतं. म्हशीचं दूध स्निग्धांशाने जवळचं, पण प्रथिनांत तेही तोकडंच. म्हणून प्राण्यांच्या औषधाच्या दुकानात मिळणारी पिल्लांची दूध-पावडर आणावी आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावी. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, त्याला पाजण्याआधी कपड्यात गुंडाळून ऊब द्यावी. पाजताना ते पोटावर पालथं असावं. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. आणि उचलून घरी नेण्याआधी, पिल्लं धडधाकट दिसत असतील तर, थोडं दूर उभं राहून वाट पाहावी. आई बहुतेकदा जवळपासच अन्न शोधत असते. ती परतली तर तिच्यापुढे दही-भात, उकडलेलं अंडं आणि स्वच्छ पाण्याचा वाडगा ठेवावा. पिल्लांचं दूध ती पाहून घेते.