गांधारी आणि गंगूबाई : तबकडीत उरलेले दोन आवाज

गाण्याच्या तबकडीचा न्याय कोणी करावयाचा, हा प्रश्न तबकडी जन्मास आली तेव्हापासूनचा आहे. जाणकार एक सांगतात, रसिक दुसरेच मानतात आणि काळ पुष्कळदा दोघांनाही खोटे पाडतो. इंग्लंडातील दोन उदाहरणे पाहावीत. मँचेस्टरच्या ‘द स्टोन रोझेस’ या तरुण वाद्यवृंदाचा पहिला संग्रह १९८९ साली निघाला, तेव्हा समीक्षकांनी त्याचे स्वागत कोमटपणेच केले. पुढे तोच संग्रह त्या देशातील सर्वोत्तम संग्रहांच्या याद्यांत जाऊन बसला. याच्या उलट, त्याच शहरातील ‘ओअ‍ॅसिस’चा ‘बी हिअर नाऊ’ हा संग्रह ऑगस्ट १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्याच दिवशी त्याच्या चार लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि वृत्तपत्रांनी स्तुतीचा वर्षाव केला. वर्षे लोटली, तशी ती स्तुती लिहिणाऱ्यांनाच अवघड वाटू लागली.

ही उदाहरणे परक्या मुलखातील खरी. परंतु असाच एक निवाडा आम्हां धारवाड-हुबळीच्या मराठी मंडळींच्या दारात पडून आहे. तो अजून पुरता झालेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९३० नंतरच्या पाच-सात वर्षांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या काही तबकड्यांवर ‘गांधारी’ हे नाव छापलेले असे. पुढे अवघ्या हिंदुस्थानाने ज्यांना गंगूबाई हनगल म्हणून ओळखले, त्याच या गायिका. गांधारीचा आवाज उंच, पातळ आणि चपळ. गंगूबाईंचा आवाज खोल, भरदार, एखाद्या पुरुषाचा वाटावा असा. नाव न सांगता दोन्ही तबकड्या लागोपाठ लावल्या, तर हा एकच गळा आहे यावर नवखा श्रोता विश्वास ठेवणार नाही.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडच्या शुक्रवारपेठेतला. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गाणे उत्तम गात. खुद्द अब्दुल करीम खाँसाहेब त्यांचे गाणे ऐकण्यास येत, असे सांगतात. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे आहे हे दिसताच, तिच्या कानावर दुसरा संस्कार होऊ नये म्हणून या माउलीने स्वतःचे गाणे आवरते घेतले. रस्त्यात कोठे ग्रामोफोन वाजू लागला, की लहानगी गंगू घरातून धावत बाहेर येई. तबकडीने घडविलेल्या पहिल्या पिढीतील ही मुलगी पुढे स्वतःच तबकडीवर आली. हुबळीला हे कुटुंब १९२८ च्या सुमारास आले. कृष्णाचार्य हुलगूर आणि दत्तोपंत देसाई यांच्यापाशी सुरुवातीचे शिक्षण झाले आणि विशी ओलांडण्यापूर्वीच कंपनीचे बोलावणे आले.

त्या वेळच्या तबकडीचे बंधन आजच्या वाचकाने ध्यानी घ्यावे. लाखेची ती थाळी मिनिटास ७८ फेरे घेई. दहा इंची थाळीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. मैफलीत ज्या रागाला तास लागे, तो तेवढ्यात आटोपावयाचा. म्हणून तबकडीवर शोभे ते सुटसुटीत पद, ठुमरी, भजन अथवा भावगीत. मराठी भावगीताची पहाट नुकतीच झाली होती आणि गोविंद नारायण ऊर्फ जी. एन. जोशी हे नाव घरोघरी पोचले होते. त्यांच्यासमवेत गांधारीने गायिलेली मराठी युगुलगीतेही या काळातलीच. कन्नड मातृभाषेची, धारवाडात वाढलेली ही मुलगी मराठी घरांत प्रथम शिरली ती अशी, ग्रामोफोनच्या वाटेने. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. नाटक मंडळ्यांचे मुक्काम, कीर्तने आणि तबकड्या या दोन भाषांमध्ये सहजगत्या ये-जा करीत.

या तबकड्यांचे परीक्षण कोणी केले? छापील अर्थाने पाहता, फारसे कोणी नाही. मराठीत संगीतसमीक्षा तेव्हा आकार घेत होती. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने ‘वसुंधरा’ साप्ताहिकात गायकांवर मार्मिक लेख लिहीत. परंतु अशा लेखणीचा रोख मुख्यतः मैफलीवर आणि रंगभूमीवर असे. तीन मिनिटांची तबकडी ही करमणुकीची वस्तू, अशीच जाणत्यांची समजूत होती. तबकडीचा न्याय दुकानाच्या गल्ल्यावर आणि घरच्या ओसरीवर होई. जी आवडली ती सुई बदलून बदलून झिजेपर्यंत वाजवावयाची, जी नावडली ती पेटीच्या तळाशी घालावयाची. गांधारीच्या थाळ्या लोकांनी झिजविल्या, हाच त्यांचा अभिप्राय.

मग दोन घटना घडल्या. कुंदगोळच्या रामभाऊंकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे, गंगूबाईंचे रीतसर शिक्षण सुरू झाले. रामभाऊ स्वतः कन्नड मुलखातले, पण त्यांची कीर्ती झाली मराठी संगीत रंगभूमीवर. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जावयाचे, तालीम घ्यावयाची आणि परतावयाचे, असा तो नेम. एकेका स्वरसमुच्चयावर दिवसच्या दिवस घोटून घेण्याची गुरूंची रीत होती. तीन मिनिटांत संपणाऱ्या गाण्याची सवय मोडून, एका स्वरापाशी थांबावयाचे कसे, हे त्या येथे शिकल्या.

दुसरी घटना शरीराची. घशातील गाठींवर उपचार झाले आणि त्यानंतर आवाजाची जातच पालटली. उंच पट्टी गेली. खर्जाकडे झुकलेला, रुंद आवाज उरला. गळ्यावर ज्यांचा संसार चालतो, अशा तरुण स्त्रीवर हा किती मोठा आघात असेल, याची कल्पना करावी. लोकांनी ज्या आवाजावर प्रेम केले, तोच आता नव्हता. किराणा घराण्यात स्त्रीच्या आवाजाचा आदर्श म्हणून हिराबाई बडोदेकरांचा हळुवार, मधुर कंठ सर्वांच्या कानात बसलेला होता. त्याच्याशेजारी हा आवाज श्रोत्यांना चमत्कारिक वाटला नसता तरच नवल. आकाशवाणीवर नाव ऐकावयाचे राहून गेले, तर कोणी पुरुष गायक गात आहे असाच अनेकांचा समज होई.

गंगूबाईंनी यावर केलेला उपाय आम्हांस फार मोलाचा वाटतो. हरवलेल्या आवाजाचे अनुकरण करीत त्या बसल्या नाहीत. १९४५ च्या सुमारास ठुमरी, भजन असे सुगम प्रकार त्यांनी सोडले आणि केवळ रागगायन पत्करले. ज्या गीतांनी घरोघरी नाव पोचविले, त्यांचाच त्याग केला. भैरव, आसावरी, तोडी, मारवा, पूरिया यांसारखे गंभीर प्रकृतीचे राग त्या संथपणे उलगडू लागल्या आणि नव्या आवाजाला त्याचे योग्य घर सापडले. पुढे कन्या कृष्णाबाई साथीला बसत. तारसप्तकातील त्यांचा कोवळा स्वर आणि आईचा खोल स्वर मिळून मैफल पुरी होई.

समीक्षेनेही मग आपली भाषा बदलली. १९६१ साली वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आले. स्वर आणि लय या दोन टोकांच्या मध्ये घराण्यांची मांडणी करून त्यांनी किराण्याला स्वराच्या टोकाशी बसविले. आवाज गोड आहे की नाही याऐवजी, स्वराचे काय केले आहे हे पाहावे, असा विचार सामान्य रसिकापर्यंत पोचू लागला. त्या निकषावर गंगूबाईंचे गाणे फार उंच ठरते. १९७१ साली पद्मभूषण, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००२ साली पद्मविभूषण, असे मान येत गेले. तरी पुरुष गायक उस्ताद होतो अथवा पंडित होतो, बाई मात्र बाईच राहते, हे त्या हसत हसत बोलून दाखवीत. या हसण्यामागची बोच ओळखण्याइतके आपण शहाणे असावे.

आता मूळ निवाड्याकडे वळू. आमच्या मंडळींत दोन पक्ष आहेत. जुन्या तबकड्यांचे भक्त म्हणतात, गांधारीचा आवाज गेला तेव्हाच खरे माधुर्य गेले. जाणकार म्हणतात, खऱ्या गंगूबाई नंतरच्याच. आधीच्या तबकड्या म्हणजे बाळपणीचे बोल, संग्राहकांच्या कपाटापुरते. आम्हांस दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. पहिल्याने आवाज आणि गाणे एकच मानले. दुसऱ्याने गाणे पाहिले, परंतु ते कोठून निघाले हे विसरला. तीन मिनिटांत रंग भरण्याचे, शब्द स्वच्छ टाकण्याचे शिक्षण ज्या तबकडीने दिले, ती नगण्य कशी? आणि आवाज बदलूनही जिचे गाणे वाढत गेले, तिच्या आधीच्या आवाजासाठी शोक करीत बसण्यात तिचाच अपमान नाही काय?

निवाड्याआधी एक व्यवहाराची गोष्ट मात्र पाहावी. जुने चावीचे यंत्र जरा वेगाने फिरले, तरी गाणाऱ्याची पट्टी चढते आणि आवाज आहे त्याहून पातळ भासतो. तेव्हा गांधारीच्या आवाजाबद्दल मत देण्यापूर्वी यंत्राचा वेग ७८ वर बरोबर आहे ना, याची खात्री करावी.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या माळ्यावर आजोबांची तबकड्यांची पेटी अजून असेल. ती उतरवावी आणि लेबले वाचावीत. लाखेच्या थाळ्या आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात; ओझ्याने त्या तडकतात. स्पिरिटने मुळीच पुसू नयेत, कारण त्यात लाख विरघळते. मऊ, कोरडे फडके पुरे. पुढच्या काळातील लाँगप्ले तबकडीची बारीक सुई यांना लावू नये. यांची खाच रुंद असते. एखाद्या थाळीवर ‘गांधारी’ हे नाव आढळले, तर ती जाणत्या माणसाकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावी आणि मगच जपून ठेवावी. फुटलेली लाख पुन्हा जोडता येत नाही.

२१ जुलै २००९ रोजी हुबळीत गंगूबाईंनी देह ठेवला. धारवाडच्या जन्मघरी त्यांचे स्मारक झाले आहे आणि हुबळीजवळ उणकल येथे त्यांच्या नावाचे गुरुकुल उभे आहे. त्यांच्या नंतरच्या गाण्याची जपणूक तेथे होईल. पहिल्या आवाजाची राखण मात्र ज्या घरांनी त्याला प्रथम आपले म्हटले, त्या घरांकडेच आहे, आणि त्यांत आपलीही घरे आहेत.